तारखेच्या दिवशीची लाळ

नवरा-बायको वेगळे झाले आणि लेकरू कुणाकडे राहायचं याचा वाद कोर्टात गेला, की दोन-तीन तारखांतच दारूचा विषय निघतो. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव, सालेकसा, देवरी या पट्ट्यात तर हमखास निघतो. बाई सांगते, हा रोज पिऊन येतो, मजुरीचे पैसे दारूत घालवतो, पोरांवर हात टाकतो. नवरा सांगतो, मी कधीमधी घेतो, कोण घेत नाही. उलट हिच्याच माहेरी सगळे पितात. शेजारी साक्षीला येत नाही, कारण त्याला उद्या त्याच गल्लीत राहायचं असतं. सासूची साक्ष मुलाच्या बाजूने आणि आईची साक्ष मुलीच्या बाजूने होणार, हे न्यायाधीशाला आधीच ठाऊक असतं. अशा वेळी कुणी सांगितलं की एक छोटी काडी आहे, ती पाच मिनिटं जिभेखाली धरली की कोण खरं बोलतंय ते कळतं, तर त्या काडीवर भिस्त ठेवावी असं कुणालाही वाटेल.

ही काडी आता कल्पनेतली राहिलेली नाही. गुजरात आणि केरळच्या पोलिसांनी रस्त्यावर लाळ तपासणारी, हातात मावणारी यंत्रं वापरायला घेतली आहेत. अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये आईबापांची लघवी, केस आणि लाळ तपासून मुलांच्या ताब्याचे निर्णय होऊ लागले त्याला बराच काळ लोटला. आपल्याकडे कौटुंबिक दाव्यात किंवा बाल कल्याण समितीपुढे ही तपासणी अजून रुळलेली नाही. पण जी गोष्ट स्वस्त आहे, झटपट होते आणि जिला सुई टोचावी लागत नाही, ती फार दिवस कोर्टाच्या दाराबाहेर थांबत नाही. ती आत येण्याआधी तिला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे ठरायला हवं. माझं म्हणणं असं आहे की लाळेच्या तपासणीवर मुलाच्या ताब्याचा निकाल कधीच टेकवू नये. तसा टेकवला, तर ज्या बाईला पुराव्याची सगळ्यांत जास्त गरज आहे तिचंच म्हणणं खोटं ठरेल, आणि जिच्या घरात मूल सुखरूप आहे अशा एखाद्या गरीब आईचं लेकरू उचललं जाईल.

आधी ती काडी नीट पाहू. तिच्या टोकाला स्पंजसारखा तुकडा असतो. तो गालाच्या आत आणि जिभेखाली ठेवायचा. लाळेने पुरेसा भिजला की काडीवरची खूण रंग बदलते. मग तो द्रावणाच्या नळीत घालायचा आणि पट्टीवर रेघा उमटायची वाट पाहायची. एक रेघ पट्टी चालू आहे की नाही हे दाखवणारी; ती उमटली नाही तर पट्टी बाद. बाकीच्या रेघा एकेका अमली पदार्थाच्या. इथेच नवख्याची फसगत होते. या पट्ट्यांवर रेघ उमटली तर पदार्थ सापडला नाही, आणि रेघ उमटलीच नाही तर सापडला, असा अर्थ असतो. गरोदरपणाच्या पट्टीच्या अगदी उलट. रेघ फिकट असली तरी ती उमटली असंच धरायचं असतं. आता ही पट्टी एखाद्या सरकारी खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, जेमतेम प्रशिक्षण मिळालेला कर्मचारी वाचतो आहे आणि समोर बसलेल्या बाईचं लेकरू त्या फिकट रेघेवर अवलंबून आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

पट्टी पदार्थाला ओळखते ती त्याच्या रेणूच्या ठेवणीवरून, आणि सारख्या ठेवणीचा दुसरा रेणू आला तर फसते. सर्दीच्या काही औषधांनी अशी गफलत होऊ शकते. दुसरी अडचण पट्टी बरोबर असतानाची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध डॉक्टरने लिहून दिलेलं असलं, तरी पट्टी अफूच्या जातीचा पदार्थ सापडला असंच सांगणार, आणि ते खोटंही नसणार. आपल्या जेवणातली खसखस घ्या. सावजी रश्श्याच्या वाटणात ती असते. खसखशीच्या दाण्यांवर अफूच्या बोंडातला मॉर्फीनचा अंश राहिलेला असू शकतो, आणि ती भरपूर खाल्ल्यावर काही काळ तो लाळेत आणि लघवीत सापडू शकतो. गांजाचं आणखी वेगळं. लाळेत सापडणारा गांजाचा अंश बहुतांशी धूर ओढताना तोंडातच चिकटून राहिलेला असतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची नुसती पानं येत नाहीत. पण भांग पोटात गेली काय आणि चिलीम ओढली काय, पट्टी दोन्हींत एकच रेणू शोधते. कायद्याने केलेला फरक तिला कळत नाही.

खर्रा तर सगळ्यांच्या तोंडात. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो लगदा गालात धरूनच माणूस एसटीतून उतरतो. चुन्याने तोंडातली आम्लता बदलते, आणि कोणता पदार्थ रक्तातून लाळेत किती उतरतो हे काही अंशी या आम्लतेवर ठरतं. म्हणून नमुना घेण्याआधी किमान दहा मिनिटं तोंडात काहीही नको, अशी अट असते. ती पाळली गेली का, कुणी पाहिलं, कुठे लिहून ठेवलं? अहवालावर या ओळी नसतील तर बाकीचा कागद वाचण्यात अर्थ नाही.

या सगळ्या शंकांवर उतारा शास्त्रानेच दिलेला आहे. पट्टी ही नुसती चाळणी. तिने काही दाखवलं तर तोच नमुना प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासायचा, म्हणजे कोणता पदार्थ किती आहे ते नेमकं कळतं. अमेरिकेच्या संघराज्य सरकारने २०२० पासून नोकरीतल्या तपासणीसाठी लाळ मान्य केली. तिथे गांजासाठी पहिल्या चाळणीची मर्यादा एका मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम आणि खात्रीच्या तपासणीची २ नॅनोग्रॅम अशी ठरवली, आणि खात्रीची तपासणी सक्तीची केली. माणसाची नोकरी जाण्याआधी दोनदा तपासायचं, तर त्याचं मूल जाण्याआधी त्याहून कमी काळजी कशी चालेल? आमगावहून गोंदिया पंचवीस किलोमीटरच्या आसपास आणि नागपूरची न्यायसहायक प्रयोगशाळा दीडशेच्या आसपास. खात्रीची तपासणी म्हणजे नमुन्याचा एवढा प्रवास, तोही थंड डब्यात, मोहोरबंद.

तरीही या तांत्रिक गोष्टी सुटू शकतात. पैसा घातला, माणसं शिकवली, तर पट्टी बरोबर वाचता येईल आणि नमुना नागपूरला सुखरूप पोहोचेल. खरी अडचण त्यापुढची आहे. लाळ थोड्या वेळापुरतंच बोलते. बहुतेक पदार्थ तिच्यात काही तासांपासून फार तर एक-दोन दिवसांपर्यंत सापडतात. दारू तर शरीराने ती पचवली की संपली. लघवी काही दिवसांचं सांगते, केस तीनेक महिन्यांचं. लाळेचा गुणही तोच आणि दोषही तोच. गाडी चालवणारा माणूस या क्षणी नशेत आहे का, हे पोलिसाला हवं असतं, म्हणून रस्त्यावर ती उपयोगी. न्यायाधीशाला मात्र विचारायचं असतं की या घरात हे मूल पुढची दहा वर्षं सुखरूप राहील का.

आता त्या बाईकडे परत येऊ. तिने अर्ज केला की नवऱ्याची तपासणी करा. कोर्टाने मान्य केलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. नवऱ्याला ती तारीख तोंडपाठ आहे. आदल्या दिवशी तो घेत नाही, सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून येतो, काडी जिभेखाली धरतो. पट्टीवर दारू सापडत नाही. संध्याकाळी गावात उतरल्यावर काय होतं ते बाईला माहीत आहे, पोरांना माहीत आहे, शेजाऱ्याला माहीत आहे. पण आता त्याच्या खिशात कागद आहे. इतके दिवस तिच्या शब्दासमोर त्याचा शब्द होता. आता तिच्या शब्दासमोर शास्त्र उभं आहे. त्याचा वकील दर तारखेला तो कागद पुढे करणार. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडली की पिणारा आणि रात्री मारझोड करणारा माणूस या तपासणीत अडकतच नाही. अडकतो तो ज्याचं व्यसन इतकं पुढे गेलं आहे की तारखेच्या सकाळीही त्याला राहवत नाही. त्याला ओळखायला काडीची गरज कुणाला असते?

यावर उत्तर देतात की मग न सांगता तपासणी करा, रात्री करा, घरी जाऊन करा. करायला हरकत नाही. पण सालेकशाच्या जंगलाकाठच्या गावात रात्री नऊ वाजता कोण जाणार? संरक्षण अधिकाऱ्याकडे अख्ख्या तालुक्याचं काम असतं. आणि समजा एखादी मनापासून काम करणारी बाई तिथवर पोहोचलीच, तर दारातून आत गेल्यावर तिला लाळेपेक्षा कितीतरी जास्त दिसेल. चूल पेटली आहे का, पोरं कुठल्या कोपऱ्यात बसली आहेत, बाप आत आल्यावर मोठी मुलगी धाकट्याला उचलून बाहेर नेते का. हे पाहायला डोळे लागतात आणि ते लिहून ठेवायला कागद. जिथे माणूस पोहोचतो तिथे काडी फारसं नवं सांगत नाही, आणि जिथे माणूस पोहोचत नाही तिथे काडीही पोहोचत नाही.

उलट्या बाजूचं नुकसान आणखी खोल आहे. आमच्या जिल्ह्यात गोंड आणि हलबा वस्ती मोठी. मोहाचं फूल हे इथलं अन्न आहे, हातात पैसा आणणारी वस्तू आहे, आणि त्याची दारू देवाला चढते, जन्माला, लग्नाला, मयताला लागते. त्या दिवशी बायाही घेतात. अशा एखाद्या आईची लाळ दुसऱ्या दिवशी सकाळी तपासली तर दारूचा अंश सापडू शकतो. तिची पोरं जेवलेली असतात, अंगणवाडीत जातात, आजी घरात असते, तापलेल्या पोराला घेऊन ती पायी आरोग्य केंद्रात गेलेली असते. यातलं काहीही पट्टीवर उमटत नाही. पट्टीवर उमटते ती एकच गोष्ट, आणि शहरातून आलेल्या, मोहाकडे फक्त गुन्हा म्हणून पाहायला शिकलेल्या माणसाला ती एकच गोष्ट पुरेशी वाटू शकते. याउलट, गोंदिया शहरात बंद दाराआड परवान्याची दारू रोज रिचवणाऱ्या सुखवस्तू बापाच्या तोंडात काडी घालायचं कुणाच्या मनातही येणार नाही. तपासणी सगळ्यांना सारखी असते, पण तपासायला कुणाला बोलवायचं हे माणसंच ठरवतात.

ही भीती कल्पनेतून आलेली नाही. टोरंटोच्या मुलांच्या नामांकित रुग्णालयात, सिककिड्समध्ये, मदरिस्क नावाची प्रयोगशाळा होती. २००५ ते २०१५ या काळात तिने बालसंरक्षण संस्थांच्या सांगण्यावरून सोळा हजारांहून अधिक माणसांचे केस अमली पदार्थ आणि दारूसाठी तपासले. न्यायालयं तिच्या अहवालावर विश्वास ठेवत होती, कारण रुग्णालयाचं नाव मोठं. निवृत्त न्यायमूर्ती सुझन लँग यांनी डिसेंबर २०१५ मध्ये चौकशीचा अहवाल दिला तेव्हा कळलं की कित्येक वर्षं ही प्रयोगशाळा पहिल्या चाळणीचेच निष्कर्ष अंतिम म्हणून देत होती, खात्रीची तपासणी न करता. रुग्णाच्या उपचारासाठीची प्रयोगशाळा आणि न्यायालयासाठीची प्रयोगशाळा यांच्या शिस्तीत फरक असतो; ती न्यायालयीन शिस्त तिथे नव्हतीच. त्यानंतर न्यायमूर्ती ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने १,२७१ प्रकरणं तपासली आणि २०१८ मध्ये सांगितलं की त्यांतल्या ५६ प्रकरणांत या सदोष तपासणीचा निकालावर मोठा परिणाम झाला होता. तोवर बहुतेक मुलं दत्तक गेलेली, नव्या घरांत रुजलेली. अगदी थोडी घरी परतली. आणि ज्यांची मुलं गेली त्यांत गरीब बायका आणि मूळनिवासी कुटुंबं त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त होती. कुणी ‘माझे केस चुकीचे तपासले’ असं म्हटलं तर तिचं कोण ऐकणार? व्यसनी माणूस नाकारतोच, असं सगळे धरून चालले होते. तपासणीचा निष्कर्ष नाकारणं हाच व्यसनाचा पुरावा झाला होता. या एका गोष्टीसाठी तरी मदरिस्कची कथा आपल्या प्रत्येक बाल कल्याण समितीत वाचली जावी.

आपल्या कायद्यात ही तपासणी येण्याची दारं उघडीच आहेत. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ नुसार, वाद सोडवायला मदत होईल असं वाटलं तर न्यायालय कोणताही अहवाल पुराव्यात घेऊ शकतं, मग पुराव्याच्या कायद्यात तो बसो वा न बसो. हे कलम चांगल्या हेतूने आलं. घरातल्या भांडणाला फौजदारी खटल्याची चौकट लावू नये म्हणून. पण याच दारातून औषधाच्या दुकानातून आणलेली पट्टीही आत येऊ शकते. दुसरं दार शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालाचं. वैवाहिक दाव्यात न्यायालय पक्षकाराला वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. त्यासाठी सकृद्दर्शनी भक्कम आधार हवा, ही अट घातली, आणि आदेश मोडला तर त्या पक्षकाराच्या विरुद्ध अनुमान काढता येईल हेही सांगितलं. २०१० च्या सेल्वी निकालाने नार्को आणि पॉलिग्राफची सक्ती थांबवली, २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. पण शारदा निकाल उभाच आहे. म्हणजे तोंड उघडायला नकार देण्याची मुभा आहे, पण त्या नकाराची किंमत मोजावी लागू शकते.

याच लाळेने आपल्या न्यायालयांना दुसऱ्या एका वादात बरंच शहाणपण शिकवलं आहे. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून डीएनए काढता येतो, आणि बाप कोण हा प्रश्न सुटतो. २०१४ मध्ये विदर्भातूनच गेलेल्या पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचा निष्कर्ष लग्नातून जन्मलेल्या मुलाबद्दलच्या कायदेशीर गृहीतकाहून वरचढ मानला. त्यानंतर नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाची डीएनए तपासणी करण्याचा आदेश रद्द केला. आईबापांच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू करू नका, आपल्या जन्माबद्दल वाटेल तेव्हा शंका घेतली जाऊ नये हा त्याचा स्वतःचा हक्क आहे, असा त्या निकालाचा रोख होता. डीएनए हे तर जवळजवळ न चुकणारं शास्त्र. ते अचूक असूनही न्यायालयाने विचारलं की या तपासणीने मुलाचं काय होईल. लाळेतल्या नशेच्या तपासणीलाही हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे, कारण ती अचूकतेत डीएनएच्या जवळपासही नाही.

दारूच्या तपासणीबद्दल तर महाराष्ट्राचा अनुभव फार जुना आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात रक्तातल्या मद्यार्काची ०.०५ टक्क्यांची रेघ आहे. तिच्या वर गेलं की औषधासाठी किंवा कायदेशीर घेतली होती हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर जातं. धुळ्याकडच्या एका गाडीचालकाचं प्रकरण १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. रक्त काढल्याच्या दिवसापासून परीक्षकाकडे पाठवल्याच्या दिवसापर्यंत ती कुपी कुणाच्या ताब्यात होती, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. एका कुपीच्या प्रवासासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने इतका खल केला, तोही एका माणसाच्या शिक्षेपुरता. पुढे १९७१ मध्ये मुंबईच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की तोंडाला वास येतो, चाल अडखळते, बोलणं अस्पष्ट आहे, एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं खात्रीने म्हणता येत नाही. रक्त किंवा लघवी तपासायला हवी होती. म्हणजे नुसत्या नजरेचाही भरवसा नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तपासणी नकोच अशी माझी भूमिका नाही. वासावरून कुणाला दारुडा ठरवण्यापेक्षा नीट केलेली तपासणी शंभर पटींनी बरी. बाल कल्याण समितीपुढे ‘आई नशेत होती’ असं कुणीतरी लिहून देतं तेव्हा त्या आईला स्वतःच्या बचावासाठी तत्काळ तपासणी मागण्याचा हक्क असला पाहिजे. निर्दोष माणसाच्या हातात लाळेची पट्टी हे चांगलं हत्यार आहे, कारण ‘आत्ता, या घडीला, नाही’ हे ती बऱ्यापैकी सांगू शकते.

आमगावजवळच्या पदमपुराचं नाव इथे घ्यावंसं वाटतं. संस्कृत नाटककार भवभूतीने आपल्या पूर्वजांचं म्हणून सांगितलेलं पद्मपूर ते हेच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकात घरातल्या शंकेचा आणि परीक्षेचा जो विचार आहे तो आजच्या या वादाला थेट लागू पडतो. सीतेची अग्निपरीक्षा होऊन गेलेली आहे. जी जन्मतःच शुद्ध आहे तिला शुद्ध करायला दुसरं काही कशाला हवं, असं राम स्वतःच पहिल्या अंकात म्हणतो. तरी दुर्मुख नावाचा हेर लोकांचं बोलणं घेऊन येतो तेव्हा राम स्वतःशी कबूल करतो की ती परीक्षा दूर लंकेत झाली, इथल्या लोकांनी तिच्यावर विश्वास का ठेवावा? आणि गरोदर सीता वनात जाते. चौथ्या अंकात जनकाच्या कानावर पुन्हा अग्नीचं नाव येतं तेव्हा तो बाप संतापून विचारतो की आमच्या लेकीला शुद्ध ठरवणारा हा अग्नी कोण. भवभूतीने शेवटही बदलला. त्याने दुसरी परीक्षा घेतलीच नाही. गंगा आणि पृथ्वी सीतेबद्दल बोलतात, अरुंधती लोकांना उद्देशून विचारते, आणि लोक मान झुकवतात. ज्यांनी तिला सांभाळलं, जवळून पाहिलं, त्यांच्या शब्दावर घर पुन्हा जुळतं. तोवर दोन मुलं बापाला न ओळखता आश्रमात वाढलेली असतात, एवढं नुकसान मात्र भरून येत नाही.

जवळून पाहणाऱ्यांची साक्ष आपल्या कायद्यातही आहे, आणि ती जुनाट म्हणून टाकून दिलेली नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये आईबाप मुलाची काळजी घ्यायला अयोग्य किंवा असमर्थ असल्याचं समितीला आढळलं तर ते मूल संरक्षणाची गरज असलेलं ठरतं. नशेच्या तपासणीचा त्या व्याख्येत उल्लेखही नाही. उलट, कलम ३६ खाली सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि समितीची चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, असं अपेक्षित आहे, आणि कलम ३ मध्ये मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटला आहे. हा सामाजिक तपासणी अहवालच आज सगळ्यांत दुबळा दुवा आहे. अनेकदा तो छापील नमुन्यातल्या रकान्यांत भरलेला असतो. ‘वडील व्यसनी’, ‘आर्थिक स्थिती बेताची’ असे दोन-दोन शब्द. त्या रकान्यात उद्या ‘लाळ चाचणी : होकारात्मक’ असा आणखी एक शब्द आला तर अहवाल लिहिणाऱ्याला सुटल्यासारखं वाटेल, आणि घरापर्यंत जाण्याचं शेवटचं कारणही संपेल. मला या तपासणीची सर्वांत मोठी भीती वाटते ती इथे.

व्यसन असलं तरी घर वाचवता येतं, हा अनुभव महाराष्ट्राला आहे. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तेव्हापासून व्यसन हा आजार आहे आणि त्यात माणूस पुन्हा घसरू शकतो, हे मराठी समाजाला कळू लागलं. लंडनमध्ये २००८ पासून व्यसनी आईबापांसाठी एक वेगळं कौटुंबिक न्यायालय चालतं. तिथे तपासणी नेमाने होते, पण ती उपचाराचा भाग म्हणून. आई दर पंधरवड्याला त्याच न्यायाधीशासमोर वकिलाशिवाय बसते, आणि निकाल वाईट आला तर पहिला प्रश्न असतो की या आठवड्यात काय झालं. एकाच तपासणीवर कुणी मूल काढून नेत नाही. काही महिन्यांच्या वाटचालीत आई सावरते आहे की घसरते आहे, ते पाहिलं जातं. तपासणीला एवढीच जागा असावी असं मला वाटतं.

आणि त्या पहिल्या बाईच्या पुराव्याचं काय? तिच्यासाठी पुरावा आमच्या गावांत आहे, फक्त कोर्टाने तो गोळा करायला माणूस पाठवला पाहिजे. आपल्या राज्यात आडव्या बाटलीच्या मतदानाने बायांनी दारूची दुकानं बंद पाडली आहेत. सरकारने तेव्हा प्रयोगशाळेचा दाखला मागितला नाही. गावातल्या बायांना आपल्या घरात काय चाललं आहे ते कळतं, हे मान्य केलं. अंगणवाडी सेविकेच्या हजेरीच्या वहीत मूल कोणत्या दिवशी आलं नाही ते आहे, मास्तरांना कोणत्या दिवशी ते झोपाळलेलं आलं ते आठवतं, आशा ताईला आईच्या हातावरचे वळ माहीत आहेत. गैरहजेरी जर दर आठवड्याला बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पडत असेल तर त्या वहीतून एका माणसाच्या पिण्याचं वर्षभराचं टिपण निघतं. असं टिपण कुठलीच काडी देणार नाही. ही साक्ष कोर्टात यायची तर साक्ष देणाऱ्या बाईला संरक्षण हवं, तिचं म्हणणं बंद खोलीत नोंदवून घ्यायला हवं, आणि तिची त्या दिवसाची मजुरी भरून द्यायला हवी.

लाळेच्या तपासणीचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकारचे अर्ज येऊ लागण्याआधीच करावेत. नुसत्या पट्टीचा निकाल कोणत्याही दाव्यात वाचला जाऊ नये. प्रयोगशाळेतून खात्री झालेला अहवालही सामाजिक तपासणी अहवालाच्या आधी न्यायाधीशासमोर ठेवू नये. ‘पदार्थ सापडला नाही’ असा अहवाल आला तर त्याच कागदावर ठळक लिहावं की हा निष्कर्ष फक्त गेल्या काही तासांपुरता आहे. नमुन्याचा अर्धा भाग राखून ठेवावा आणि ज्याचा तो आहे त्याला दुसऱ्या प्रयोगशाळेत सरकारी खर्चाने तपासून घेता यावा. अहवालाची प्रत त्या आईला मराठीत मिळावी, आणि ती गोंडी बोलणारी असेल तर कुणीतरी तिच्या भाषेत ती समजावून सांगून तशी सही घ्यावी. आणि मूल आईपासून वेगळं करण्याचा आदेश लिहिताना न्यायाधीशाने किंवा समितीने, ही तपासणी झालीच नसती तरी हाच आदेश दिला असता का, याचं उत्तर कारणांसह त्याच आदेशात लिहावं.